रत्नाची ओळ

आमच्या चर्चमध्ये स्तोत्र आळीपाळीनं वाचायची रीत आहे. एक ओळ पुढे उभी असलेली बाई वाचते, दुसरी आपण सगळ्यांनी. परवाच्या रविवारी रत्ना पुढे उभी राहिली. तिच्या लेकीचं लग्न ऐन मांडवात मोडलं, तेव्हापासून ती चर्चला आलीच नव्हती. नळावर बायका काय काय बोलल्या, ते तिच्या कानावर गेलं होतं ना!

स्तोत्र नेमकं दुःखाचं. लोक मला हसतात, ही ओळ तिच्या वाट्याला आली आणि ती पहिल्याच शब्दावर अडली. मला वाटलं, आता ही निघून जाते आणि पुन्हा काही येत नाही.

तेवढ्यात मार्थामावशी, नळावर सगळ्यांत जास्त हसलेली, आमची पाळी नसताना तीच ओळ मोठ्यानं वाचू लागली. मग आम्ही सगळ्याच. लोक मला हसतात! अहो, ‘मला’ म्हणताना जीभ कशी जड झाली. दुसऱ्याचं दुःख आपल्या तोंडून निघाल्यावरच त्याची चव कळते.

रत्नानं डोळे पुसले. “मावशी, ती माझी ओळ होती.”

“मग तू आमची वाच की!”

पुढची ओळ देवावरच्या भरवशाची होती. ती रत्नानं एकटीनं वाचली, अगदी खणखणीत.