मोलकरणीची पावलं

माझी मावशी सिनेमांसाठी पावलांचे आवाज करायची. पडद्यावर कुणी चालू लागलं की ही बंद खोलीत माइकसमोर त्याच्या पावलाला पाऊल जुळवायची. साहेबांसाठी टाचांचे बूट, बाईसाहेबांसाठी सँडल. मोलकरीण चहा घेऊन आली की दिग्दर्शक म्हणायचे, "तिचं राहू द्या, तिच्याकडे कोण बघतंय?" मावशीने बरीच वर्षं ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

एका सिनेमाच्या वेळी मात्र ती म्हणाली, "एकदा करून दाखवते. नाही आवडलं तर काढून टाका." तिने चपला काढल्या आणि उजवा पाय किंचित ओढत ती फरशीवर अनवाणी चालली. माझी आजी, म्हणजे तिची आई, लोकांकडची धुणीभांडी करून संध्याकाळी घरी यायची ती अशीच. दिग्दर्शकांनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "असू द्या."

सिनेमा लागल्यावर मावशी आजीला घेऊन गेली. आजीची नजर अधू झाली होती, कान मात्र तिखट होते. पडद्यावर मोलकरीण खोलीत शिरली तशी आजी कुजबुजली, "दमलीये गं बिचारी. कुणीतरी बस म्हणा की तिला."

मावशीने आजीचा हात हातात घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.