‘लग्न झालं आहे का?’ हा रकाना

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. वडील फॅक्टरीत फिटर, आई अंगठा लावायची. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाचा वधू-वर सूचीचा कॉम्प्युटर प्रोग्राम मी एकटीने लिहिला. याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

प्रोग्राममध्ये माणसाचा एक साचा असतो. माझ्या साच्यात नाव, शिक्षण, नोकरी असे रकाने होते आणि शेवटी ‘लग्न झालं आहे का?’ त्याला उत्तरं दोनच, हो किंवा नाही. ‘नाही’वाले सूचीत दिसत, ‘हो’ झालं की सूचीतून जात. माझं ‘हो’ मंडळाच्या सचिवकाकांनी केलं होतं, माझ्याच लग्नाचे पेढे खाता खाता.

तीन वर्षांनी मी घटस्फोट घेऊन भोपाळहून परत आले. कांचघर वस्तीतलं माहेरचं घर तोवर भावाच्या संसाराने भरलं होतं, म्हणून गावातच चेरीतालला खोली घेतली. एका माणसाचा भात किती लावायचा, ते बरेच दिवस जमलं नाही. रोज उरायचा. परिचय मेळावा जवळ आला तेव्हा मी मंडळात गेले आणि काकांना म्हटलं, मला पुन्हा सूचीत यायचं आहे.

“अच्छा! मग त्यात काय? ‘हो’चं ‘नाही’ करून टाक.”

“पण लग्न झालं होतं ना काका.”

“आता आहे का? नाही ना? सगळे असंच लिहून राहिले, बेटा. विधुर, विधवा, सोडचिठ्ठीवाल्या. आधी फोन तर येऊ दे! मग भेटीत सांगायचं हळूच.”

“मी नाही लिहिणार तसं.”

“काहून इतकी ताठ रे बाप्पा!” काका हसले.

मला हसू आलं नाही. ती तीन वर्षं वाईट होती, पण माझी होती. ती पुसून मला कोणाच्या घरी जायचं नव्हतं.

म्हणजे साचाच बदलायला हवा होता. प्रोग्राम चालू होण्याआधी ते दोन मिनिटांचं काम. आता आत शेकडो माणसं जुन्या साच्यात साठवलेली होती, आणि नवा साचा बसवताच त्यातल्या एकाचीही माहिती उघडेना. मग जुना साचा शेजारी तसाच ठेवला. त्यातून एकेक माणूस वाचायचा, नव्यात उतरवायचा. नव्यात अविवाहित, विवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित अशी उत्तरं केली.

अडलं ते जुन्या ‘नाही’पाशी. काका म्हणाले, “सगळे अविवाहित टाक ना, चलो, काम खतम.” कॉम्प्युटरला चाललं असतं. पण त्या ‘नाही’मागे कोण काय लपवून बसलंय, हे त्याला कळणार नव्हतं आणि मलाही. म्हणून आणखी एक उत्तर केलं, ‘विचारायचं आहे’. सगळे जुने ‘नाही’ त्यात घातले आणि फोन करायला बसले.

बहुतेकांनी अविवाहित सांगून फोन ठेवला. एका बाईंनी मात्र उलट मलाच विचारलं.

“विधवा लिहिलं तर कोणाचा फोन येईल का, दीदी?”

“माहीत नाही.”

“तुम्ही कोण बोलून राहिल्या? लग्न झालंय तुमचं?”

“झालं होतं. माझ्या नावापुढे घटस्फोटित लिहिलंय.”

“मग माझंही लिहा खरं ते.”

त्यांचं लिहून झालं, तरी दोघींनीही फोन ठेवला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “जेवल्या का?” चेरीतालला आल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं.

मेळाव्यात काकांनी माझी माहिती माईकवर वाचली. शिक्षण जोरात वाचलं. ‘घटस्फोटित’पाशी थांबले, चष्मा सारखा केला, मग तेही वाचलं.

पुढे महिनाभर एकही स्थळ आलं नाही. फोन मी उशाशी ठेवून झोपायची. काका म्हणाले, “अजून वेळ गेली नाही, बदलून टाक.”

“राहू द्या,” मी म्हटलं.