हिमनग घेऊन सलालाहला

हा ब्लॉग मला माझ्या नातीने, सनाने, काढून दिलाय. मी चौथीपर्यंत शिकलेली, चुका पोटात घाला.

मुलाकडे, निसारकडे, मस्कतला गेले होते. सनाला सलालाहच्या शाळेत विज्ञानाच्या स्पर्धेला जायचं होतं. दक्षिणेकडच्या समुद्रात डोंगराएवढा बर्फ तरंगतो म्हणे. तो जहाजाने ओढत ओमानला आणायचा आणि प्यायचं पाणी करायचं, हा तिचा विषय. तिथे समुद्राचंच पाणी गोडं करून पितात, आमच्या रत्नागिरीत सांगितलं तर हसतील. असो. नमुना म्हणून बादलीभर बर्फ गोठवून निसारच्या मासळीच्या पेटीत भरला. तो सलालाहला पोचला नाही तर पोरगी दाखवणार काय?

फजरची नमाज पढून निघालो. हजारेक किलोमीटर सरळ रस्ता, दोन्हीकडे नुसती वाळू. जाणार असाल तर पेट्रोल दिसेल तिथे भरा. वाटेत हैमा गावी मलबारी हॉटेलात परोटे खाल्ले, तिघांचं रियालाच्या आत भागलं. हॉटेलवाला गाडीतल्या पेटीत डोकावला.

"इतना बरफ! मच्छी किधर है, उम्मा?"

"मच्छी नहीं, पहाड़ है."

"तो मेरे होटल के पीछे लगाओ. एसी का बिल खलास!"

सना खूश. हिमनगाचा आणखी एक उपयोग सापडला.

तेवढ्यात निसारने पेटीचं बूच काढलं. बरक्याच्या मासळीबाजारातून सुरमई आणताना तो असंच करतो, पाणी काढलं की बर्फ टिकतो.

"अब्बा, स्टॉप! ते ओमानचं पाणी आहे!" सना रडायलाच लागली.

"अगं, तुझा बर्फ वाचवतोय."

"पण आपण... पाण्यासाठीच आणतो ना?"

बूच मीच ठोकलं. सकाळपासून आम्ही सगळे बर्फच बघत होतो.

थुमरेतच्या पुढे घाट उतरलो आणि धुकं, हिरवे डोंगर, शहाळ्यांच्या टपऱ्या! मला वाटलं, गाडी चुकून घरीच आली.

शाळेत पेटी उघडली तर मुठीएवढा बर्फ, बाकी पाणी. सनाने परीक्षकांना पेले भरून दिले आणि इंग्रजीत फाडफाड बोलली. मला 'वॉटर' तेवढं कळलं. बक्षीस सूर्यचुलीला गेलं.

उरलेल्या पाण्याची बाटली मी सामानात घालून रत्नागिरीला घरी आणली. शेजारणी बघायला जमल्या, तेव्हा तिचाच चहा टाकला.

परवा सनाचा फोन. "दादी, माझा हिमनग?"

"संपला गं. चहा केला, सहा जणी प्यायलो."

तर म्हणाली, "म्हणजे पोचला."