हवेत आवळलेला नट

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एकही नट हवेत आवळलेला नाही. कोणी दारूला शिवत नाही, कोणी उधारीला शिवत नाही. मामांचं व्रत एवढंच, आणि ते त्यांनी इतकं कडक पाळलं की त्यापायी निम्मे नातेवाईक त्यांना घरी बोलवायला बिचकतात. ज्या वस्तूवर जे वजन पडायचं, ते वजन तिच्यावर ठेवूनच तिचा नट आवळायचा, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या लग्नात त्यांनी पलंग दिला. दिला म्हणजे सुटा आणला, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना जोडायला घेतला. शेवटी पाना हातात घेऊन म्हणाले, "बसा दोघं. मधोमध. आता हलायचं नाही." समोर माझी आई, माझे ऑफिसातले साहेब आणि गावाकडचे दोन काका बशीत चहा ओतून पीत होते. त्यांच्या देखत आम्ही नवराबायको फोटोला बसल्यासारखे बसलो आणि मामा पोटावर सरपटत पलंगाच्या या पायाकडून त्या पायाकडे फिरत राहिले. साहेब त्यानंतर आमच्याकडे कधी आले नाहीत. पलंग मात्र आजपर्यंत कुरकुरलेला नाही, हे कबूल करायलाच हवं.

मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते बदलापूरला कुळगावातल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःची जुनी गाडी तपासू लागले. दर उन्हाळ्यात ते गाडीचं पुढचं सस्पेन्शन अख्खं उतरवतात. काही बिघडलेलं असतं म्हणून नव्हे; बिघडायची वाट बघणं त्यांना अपमानास्पद वाटतं. मामींची एक जुनी चादर अंथरून तिच्यावर डावीकडचे भाग डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे असे मांडतात, आणि मग त्या चादरीवरून वॉचमनला, मांजराला किंवा सोसायटीच्या चेअरमनला जायची परवानगी नसते. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, लोअर आर्म म्हणतात त्याला, तो गाडीला जोडलेला असतो तिथे रबराचा बुश असतो. मामांचा सगळा जीव त्या बुशात. गाडी जॅकवर असताना चाकं लोंबतात. तशा लोंबत्या चाकांवर नट आवळला की गाडी खाली टेकल्यावर रबर पिळलं जातं. "आणि मग ते पिळलेलंच राहतं, जावईबापू! जन्मभर!" हे सांगताना मामांचा आवाज दरवेळी कापतो. म्हणून ते नट नुसते हाताने फिरवून ठेवतात, चारही चाकं जाडजूड लाकडी ठोकळ्यांवर टेकवतात, गाडीत रोजची माणसं रोजच्या जागी बसवतात, आणि मग स्वतः खाली शिरून आवळतात. आत आम्हाला हसायला, शिंकायला आणि राजकारणावर बोलायला बंदी. मामी पुढे डावीकडे बसायच्या. एकदा पर्स वर विसरल्या तर मामांनी त्यांना पर्स आणायला तीन मजले चढवलं होतं. "प्रवासाला निघताना पर्स घरी ठेवतेस का तू?" मामी पर्स घेऊन आल्या, शिवाय मेथीची जुडी घेऊन आल्या आणि मांडीवर निवडत बसल्या. मेथी मात्र मामांनी चालवून घेतली.

यात एकच अडचण होती. ड्रायव्हरच्या जागी बसणारे खुद्द मामा, आणि ते तर गाडीखाली. मी हिला बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मामा कोपऱ्यातून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न केला, "वजन किती भरतं आपलं?" मी सांगितलं. मामांनी मामींकडे बघून मान हलवली आणि स्थळ पक्कं झालं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या जागी मामांच्या बदली मी बसतो, आणि दर दिवाळीला माझ्या हातातली फराळाची बशी मामा हलकेच काढून घेतात. "पुरे आता. बुशचा विचार करा."

पण या सगळ्या खटाटोपाचा निकाल मामा देत नाहीत. त्यांचे कान कारखान्यातल्या यंत्रांनी कधीच नेले. निकाल मामींचा. काम झालं की पहिली फेरी वांगणीला, मामींच्या माहेरी. रस्ताभर मामी डोळे मिटून बसणार आणि माहेरच्या दारात गाडी थांबली की सांगणार, "उजवीकडे बरंय. डावीकडे बारीक टुकटुक होतंय." मामा मग सासुरवाडीचा पाण्याचा ग्लाससुद्धा न घेता गाडी वळवणार. मामींना त्यांच्या भावजयीचं तोंड कित्येक वेळा गाडीच्या काचेतूनच बघावं लागलं आहे.

या वर्षी मामी आजारी पडल्या. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. उल्हासनगरच्या दवाखान्यात कितीतरी आठवडे त्या होत्या, आणि घरी न्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. वाटेत गचके बसू देऊ नका, आणि काहीही करून वजन वाढवा. वजन वाढलं तरच पुढचे उपचार झेपतील. हिने अँब्युलन्सचं बघायला सुरुवात केली. मामा खाली आवारात गेले, उभ्या अँब्युलन्सखाली डोकं घालून आले. तिचा ड्रायव्हर घाबरून विचारत होता, "काका, क्या गिरा?" मामा म्हणाले, "काही नाही. बुश बदलून घ्या." आणि वर येऊन जाहीर केलं, "हिला मी माझ्या गाडीतून नेणार."

तिथून ते थेट पार्ट्सच्या दुकानात गेले. तिथले सिंधी शेठ एरवी मामा दिसले की जेवायला जातात, कारण मामा प्रत्येक रबर नाकाशी धरून हुंगतात आणि दुपार होते. त्या दिवशी कारण ऐकल्यावर शेठनी स्वतःच सगळे खोके काउंटरवर उघडून ठेवले. "चाचा, आराम से सूंघो. चाची को ले जाना है ना?" मामांनी सगळे हुंगले.

दोन दिवसांत सस्पेन्शन उतरलं, साफ झालं, जोडलं गेलं. आवळायची वेळ आली. मी ड्रायव्हरच्या जागी, ही मागे. पुढे डावीकडची जागा रिकामी. ही म्हणाली, "मामा, मी बसू का पुढे?" "तुझी जागा मागे," मामा म्हणाले आणि घरातून तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आले. ते त्यांनी मामींच्या जागी ठेवलं, सीटबेल्ट लावला आणि मांडीवर ठेवावी तशी पर्स वर ठेवली. एरवी मी हसून घेतलं असतं. मामा खाली शिरले. पान्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने ते तसेच बाहेर आले, पोत्याचं तोंड सोडलं आणि भांड्याने तांदूळ काढून एका डब्यात भरू लागले. एक भांडं, मग आणखी एक, मग आणखी. "हे जुन्या वजनाचं भरलं होतं मी," ते म्हणाले. मागे ही रडत होती. मामा म्हणाले, "हलू नकोस गं. गाडी हलते."

दुसऱ्या दिवशी मामींना आणलं. मामांनी गाडी इतकी हळू चालवली की अंबरनाथला एक पाणीपुरीवाला आपली हातगाडी ढकलत आमच्या पुढे निघून गेला. मागून रिक्षावाले ओरडत होते, "ए काका, सो गया क्या?" मामांना ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. कुळगावात गाडी थांबली. ज्या माणसाने उभ्या जन्मात निकाल मागितला नव्हता, तो म्हणाला, "काय गं?" मामींनी डोळे न उघडताच सांगितलं, "घर आलं? मला झोप लागली होती." मामा खाली उतरून गाडीच्या मागे गेले आणि बराच वेळ मागचं चाक बघत उभे राहिले. मागच्या चाकाला कोणी हातही लावला नव्हता.

तांदळाचा डबा स्वयंपाकघरात वेगळा ठेवला गेला. "हा शिजवायचा नाही. हा परत पोत्यात जायचाय." दर रविवारी मामींनी काट्यावर उभं राहायचं, आणि वाढेल तेवढा तांदूळ मामांनी डब्यातून पोत्यात टाकायचा. रविवारांमागून रविवार गेले. मामा डब्याचं झाकण उघडायचे, आत बघायचे आणि पुन्हा लावायचे. आम्ही गेलो की मामी आम्हाला विचारायच्या, "जेवलात ना?" आणि स्वतः दोन घासांवर ताट सरकवायच्या.

गेल्या रविवारी सकाळीच मामांचा फोन. "जावईबापू, ताबडतोब या! भांडंभर वाढली! नट सोडून पुन्हा आवळायला पाहिजे." भांडंभर तांदळासाठी बुश सोडणारा माणूस जगात दुसरा नसेल. मी चहासुद्धा न घेता निघालो. गाडी ठोकळ्यांवर तयार होती; ही घरीच राहिली होती म्हणून तिच्या वजनाच्या विटा मागच्या सीटवर रचलेल्या. मामी स्वतः येऊन आपल्या जागी बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर मेथी. त्यांच्या पायाशी डॅशबोर्डवरून पडलेली बुद्धाची छोटी मूर्ती होती, ती मी उचलून जागेवर ठेवली. मामा गाडीखाली शिरले आणि चक्क गुणगुणू लागले. मामी माझ्याकडे झुकल्या.

"जावईबापू, कोणाला सांगू नका," त्या कुजबुजल्या. "सकाळी काट्यावर उभी राहिले तेव्हा कमरेला खलबत्त्यातला बत्ता खोचला होता मी."

मी त्यांच्या कमरेकडे बघितलं.

"काय करू? रोज त्या डब्याकडे बघत बसतात हो. मला नाही बघवत."

"आता कुठाय बत्ता?"

"ओट्यावर राहिला."

"आत कोण हलतंय?" खालून मामा ओरडले.

"कोणी नाही," मी ओरडून सांगितलं. मग मी डाव्या हाताने मामींच्या सीटची कड धरली आणि माझा जेवढा भार तिकडे टाकता येईल तेवढा टाकला. मामींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मेथी निवडायला घेतली.

"हां!" खालून आवाज आला. "आता बसलं बरोबर!"

मामा सरपटत बाहेर येईपर्यंत मी तसाच कलून बसलो होतो.