पहिल्या फेरीचा मान

आमच्या लिफ्टच्या कंपनीत मोजपट्टीबाईंना सगळे टरकून असायचे. बावीस वर्षं त्या तपासणीवर होत्या, आणि दरवाजा केसभर जरी घासला तरी त्यांची सही मिळायची नाही. सही झाली की पहिली फेरी सही करणाऱ्यानं आणि त्याच्या साहेबानं मारायची, तीही इमारतीच्या मालकासमोर. हा नियम बाईंनीच घातलेला. मी त्यांच्याबरोबरचा वायरमन, त्यामुळे त्यांच्या शिव्याही मीच खाल्ल्या आणि डब्यातला घासही.

आमचे साहेब बाईंच्याच हाताखाली शिकले. पाना उलटा धरायचे, तिथपासून. पुढे वर चढले आणि बाई त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. एक दिवस गोड आवाजात म्हणाले, विद्यापीठात नोकरी मेळावा आहे, कंपनीतर्फे तुम्ही बसा, एक नवा तपासनीस निवडा, तुमच्याएवढी पारख कुणाला आहे. बाई खूश. ठेवणीतले कपडे घालून आल्या. फलक उचलायला मी.

टेबल मांडलं, नव्या जागेच्या पत्रकांचा गठ्ठा सोडला. बाई वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवून थांबल्या. कामांच्या यादीत सातवं काम होतं, बंद होणाऱ्या दरवाजात रुमाल धरून दरवाजा मागे फिरतो का ते पाहणे. अहो, आमच्याकडे असं दुसरं कुणी करतच नाही! ही बाईंची स्वतःची पद्धत, त्यांनीच वार्षिक अहवालात लिहिलेली. साहेब नावाच्या त्या गाढवानं बाईंच्या कामाचा कागद जसाच्या तसा उतरवला होता. म्हणजे नवी जागा वगैरे काही नव्हती. बाईंना बाईंच्याच जागेवर माणूस निवडायला बसवलं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, गुंडाळा हे सगळं, चला.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "मेळावा पाचला संपतो."

दुपारपर्यंत शंभरेक पोरं येऊन गेली. एका मुलीनं मात्र सातवं काम वाचून विचारलं, लहान मुलाच्या शर्टाचं टोक अडकलं तर सेन्सरला कळत नाही, म्हणून रुमाल का? बाईंनी तिला खुर्ची दिली. अर्धा तास दोघी दरवाजांवरच बोलत होत्या.

तीनच्या सुमाराला साहेबांचे भाचेराव अवतरले. ना पत्रक वाचलं, ना बसले. मामांनी सगळं ठरवलंय, तुम्ही फक्त नाव लिहा, म्हणाले. बाईंनी शिफारशीच्या फॉर्मवर त्याचंच नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत. मी कपाळाला हात लावला. मग बाई त्या मुलीला घेऊन समोरच्या टेबलावर गेल्या. तीही लिफ्टचीच कंपनी, आमच्या साहेबांच्या नाकात दम आणणारी. हिला घ्या, म्हणाल्या, आणि महिनाभरानं मलाही.

आठवड्यात बाईंच्या हातात महिनाअखेर नोकरी संपत असल्याचं पत्र पडलं. तरी त्या भाच्याला शिकवायला रोज बसायच्या. तो मोबाइलमध्ये तोंड घालून.

बाईंचा शेवटचा दिवस. चौदा मजली इमारत, मालक हजर, त्याच्या आणखी पाच इमारती व्हायच्या होत्या. कागदावर सही भाच्याची. साहेबांनी लिफ्टमध्ये एक पाय ठेवला आणि मागे घेतला. बाईंच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही एकदा बघितलीय ना?"

"सही माझी नाही, साहेब."

साहेबांचा चेहरा पांढराफटक. जिन्यानंच येतो, तेवढाच व्यायाम, असं काहीतरी पुटपुटत निघाले. आणि मामांच्या मागोमाग भाचाही! ज्याची सही तोच चढेना, हे मालकानं डोळ्यांनी पाहिलं.

बाई मला म्हणाल्या, चल. आदल्या दिवशी सात तास त्यांनी ती लिफ्ट तपासली होती, रुमालासकट. बॅटरी मीच धरली होती. कच्ची लिफ्ट सोडणं त्यांच्या रक्तातच नाही. फक्त साहेबांना सांगितलं नव्हतं, एवढंच. मालकही आमच्याबरोबर आत शिरला. सहाव्या मजल्याच्या आसपास त्यानं विचारलं, उद्यापासून तुम्ही कुठे? बाईंनी मेळाव्यातल्या त्या समोरच्या कंपनीचं कार्ड काढून दिलं. पाच इमारतींचं बोलणं चौदाव्यापर्यंत आटोपलं.

वर आम्ही थांबलो. मला तर नाचावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळानं जिन्यातून धापा ऐकू आल्या आणि साहेब कठड्याला लोंबकळत उगवले, घामानं निथळत. बाईंनी पर्समधून तो तपासणीचा रुमाल काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"ठेवा, साहेब. सातव्या कामाला लागेल."