तारा न लावलेल्या घरी

गेल्या वर्षी नाताळ करायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पावसाळ्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. सरकारी प्रयोगशाळेत जन्म घालवलेला आणि रविवारी चर्चमध्ये, आमच्या छोट्याशा मराठी मंडळीत, पेटी वाजवून गाणी म्हणणारा हा माणूस, आता पाणी हवं असलं तरी नुसता भांड्याकडे बघायचा. स्पीच थेरपीची मुलगी केळ्याचं चित्र दाखवायची. हे घाम फुटेपर्यंत ओठ हलवायचे आणि शेवटी मान खाली घालायचे. मला ते बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची.

आमचं घराणं नगरकडचं, पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती. प्रार्थनेवाचून दिवस उजाडल्याचं मला आठवत नाही. पण त्या झटक्यानंतर माझी प्रार्थनाच बंद पडली. बायबल उघडायची, दोन ओळी वाचायची आणि मिटून ठेवायची. देव नाही, असं मला कधीच वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं, भांडण तरी मिटलं असतं! तो आहे आणि माझं ऐकत नाही, हा माझा राग होता. आमच्या चर्चचे पाळक भेटायला आले तर ‘ते झोपलेत’ म्हणून मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. माझ्या माणसाला कुणी त्या अवस्थेत बघू नये, असंही वाटायचं.

तेव्हा करंज्या नाहीत, केक नाही, आणि दाराशी कागदी तारा तर नाहीच. बंगळुरात, आमच्या मल्लेश्वरममध्ये, एका कन्नड चर्चची गाणारी मंडळी डिसेंबरात घरोघर फिरतात. दाराशी तारा दिसला की ते घर ख्रिस्ती समजून थांबतात, दोन गाणी म्हणतात, प्रार्थना करतात आणि पुढे जातात. तारा नाही म्हणजे कुणी येणार नाही. मला तेच हवं होतं.

आमच्या समोरच्या दारात अक्का राहतात. त्यांचे पूर्वज केव्हाचे इकडे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं कालवलेलं की सुरुवातीला मला निम्मं कळायचंच नाही. ह्यांना त्या अण्णा म्हणतात. त्यांच्या दिवाळीचा आकाशकंदील तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी उतरत नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, “असू दे की, उजेड काय खायला मागतो का?” आणि गेल्या वर्षीचा कंदील नेमका पाच टोकांचा, लाल कागदाचा होता.

व्हायचं तेच झालं. नाताळ जवळ आलेला असताना एका संध्याकाळी ती मंडळी गिटार घेऊन जिना चढून आली आणि अक्कांच्या दारात उभी राहून गाऊ लागली. मी आमच्या दारावरच्या बारक्या भिंगातून बघत होते. अक्कांनी दार उघडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, मागे भिंतीवर व्यंकटेशाची तसबीर. गाणाऱ्यांचा सूर तिथेच लटपटला. कितीतरी महिन्यांनी मला हसू फुटलं. अक्का मात्र हात जोडून अख्खं गाणं ऐकत उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी आमची बेल दाबली.

“अगं, तुझे पाहुणे चुकून माझ्या दारात आलेत,” त्या म्हणाल्या. “स्वल्प अण्णांसमोर गाऊ देत की.”

“नको हो अक्का. ह्यांना त्रास होईल.”

“अण्णांना, की तुला?” त्या हळूच म्हणाल्या. “सरी, ठीक आहे, तू नको म्हणालीस तर मी त्यांना परत पाठवते.”

मला नको म्हणता आलं नाही. मी बाजूला झाले.

गाणं सुरू झालं तशी ह्यांची बोटं खुर्चीच्या हातावर पेटी वाजवल्यासारखी हलू लागली. गाणी संपल्यावर सगळ्यांनी माना लववून, प्रभूने शिकवलेली प्रार्थना कन्नडमधून म्हणायला सुरुवात केली. एवढ्यात त्या कन्नडमध्ये एक मराठी आवाज मिसळला. जाड, खरबरीत, पण शब्द अगदी स्वच्छ. हे डोळे मिटून बोलत होते!

देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणायच्या ओळीपाशी ते अडले. ओठ हलले, शब्द येईना. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. गाणारी मंडळीही थांबली.

नेमकी तीच ओळ इतके महिने माझ्या घशात अडकून होती. ज्याच्या इच्छेने ह्यांची वाचा गेली, त्याचीच इच्छा पूर्ण होवो, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण माझं माणूस शब्दासाठी थांबलं होतं, आणि त्या खोलीत मराठीतून तो शब्द देणारं माझ्याशिवाय कोण होतं? मी म्हणाले. आवाज फाटला, पण म्हणाले. ह्यांनी तिथून धागा पकडला आणि आमेनपर्यंत नेला. मी ढसाढसा रडले. अक्कांनी पदराने आपले डोळे पुसले आणि सगळ्यांना चकल्या आणून वाढल्या.

पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, असं थेरपीच्या मुलीने मला नंतर समजावलं. असेल. ती शिकलेली आहे, मी कशाला वाद घालू? मला एवढंच ठाऊक आहे की नाताळाच्या सकाळी ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून मी उपासनेला नेलं, लोकांनी बघितलं, आणि मला लाज वाटली नाही. मनात कितीतरी दिवसांनी सगळं शांत होतं.

ह्यांचं बोलणं परत आलेलं नाही. येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत. शरण जायचं म्हणजे मागणंच सोडायचं, असं मला वाटायचं. तसं नाही. मी अजून त्यांची वाचा मागते, हट्टाने मागते, आणि मागून झालं की देवावर सोपवते. रोज सकाळी आम्ही दोघं प्रार्थना म्हणतो. हे अजूनही त्या ओळीपाशी थांबतात, आणि मी ती म्हणते. ह्यांच्या प्रार्थनेतली एक ओळ त्याने माझ्यासाठी राखून ठेवली, याबद्दल मी त्याचे आभार मानते.