दोन्ही टोकं

आमच्या वरच्या मजल्यावरचा तारवाला कचेऱ्यांमधून संगणकांच्या केबली ओढायचा. एका केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात, पीळ घातलेल्या चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. पीळ जास्त सुटला की केबल नीट चालत नाही. त्या लावायच्या दोन पद्धती, ए आणि बी. एकीत हिरवी जोडी आधी, दुसरीत केशरी.

"कुठलीही धरा बाई, पण दोन्ही टोकांना एकच. संसारासारखं," तो मला सांगायचा.

"संसाराचं एक टोक कायम साइटवर असतं," त्याची बायको आतून म्हणायची.

मग त्याला छातीचा क्षय निघाला. औषध देताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "यातली एक गोळी क्वचित डोळ्यांना बाधते. रंग फिके वाटले तर लगेच या. वेळेत थांबवली तर नजर बहुधा परत येते."

थंडी सुरू झाली तेव्हा केशरी आणि हिरव्यातला फरक पुसट व्हायला लागला. तो गेला नाही. रंग न दिसणाऱ्या तारवाल्याला कामावर कोण ठेवणार? शिवाय गोळी थांबली आणि खोकल्यातलं रक्त परत आलं तर? घरात त्याने चकार शब्द काढला नाही. प्रत्येक जोडीचा पीळ निराळा असतो, एखादा घट्ट, एखादा सैल. तो नखाने चाचपून जोडी ओळखू लागला.

काम झालं की तो तपासायचं यंत्र लावायचा. एक ते आठ दिवे ओळीने लागायचे, आणि डोळ्यांचं अजून भागतंय, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. पण दोन्ही टोकं त्याचीच असायची. इकडे केशरीच्या जागी हिरवी गेली, तर तिकडेही तशीच जायची, आणि केबल बिनबोभाट चालायची. चूक त्याची त्यालाही दिसली नाही.

पुढे एका मोठ्या कामावर मुकादमाने भिंतीकडची टोकं याला दिली आणि जिथे सगळ्या केबली एकत्र येतात त्या कपाटातली दुसऱ्याला. केबल नव्या बनावटीची होती, तिचे पीळ वेगळे. संध्याकाळी यंत्र लावलं, तर मजलाभर दिवे उलटसुलट.

"काय रे, डोळे घरी विसरलास?" मुकादम म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. मुकादमाने सहज एक तार पुढे धरली. "ही कुठली?"

"केशरी."

ती तपकिरी होती. मग कोणी हसलं नाही.

बायको त्याला दवाखान्यात घेऊन गेली. "कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. "सांगा ना," ती म्हणाली. त्याने सांगितलं, तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

ती गोळी त्याच दिवशी बंद झाली. छाती बरी झाली. नजर परतली नाही. उलट मधोमध धुकं बसलं.

परवा माझ्याकडची केबल उंदराने कुरतडली. बायकोच्या दंडाला धरून तो खाली आला. तो क्रम सांगत होता, ती तारा लावत होती.

"मला विचारायचं होतंत," ती मान वर न करता म्हणाली. "रंग सांगायला मी होते ना घरात."

त्याने तिच्या बोटांतली जोडी नखाने चाचपली.

"पीळ फार सोडवू नकोस," मग म्हणाला.